व्हेलॉसिटी (ॲजाइल सॉफ्टवेअर विकास)

एका टीमने एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत (बहुधा दोन आठवड्यांच्या), पूर्ण केलेल्या कामाचे माप म्हणजे व्हेलॉसिटी. ती स्टोरी पॉइंटमध्ये मोजतात; स्टोरी म्हणजे वापरकर्त्याला हव्या असलेल्या एखाद्या सोयीचे छोटे काम. पॉइंट म्हणजे तास नव्हेत. कामाचा आवाका, गुंतागुंत आणि त्यातली अनिश्चितता पाहून टीमने आपापसात बांधलेला तो अंदाज असतो. व्हेलॉसिटीची कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या ॲजाइल पद्धतींपैकी एकीतून आली आणि स्क्रम ही दुसरी ॲजाइल पद्धत वापरणाऱ्या टीमनी ती उचलली. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत मात्र व्हेलॉसिटी हा शब्द कुठेही नाही.

हिशेब साधा आहे. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये १८, २४ आणि २१ पॉइंट झाले असतील तर सरासरी २१. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, १०५ पॉइंटचे काम उरले असेल तर अंदाजे पाच स्प्रिंट लागतील. आठ पॉइंटच्या स्टोरीचा कोड लिहून झाला, पण टेस्टिंग राहिले, तर त्या स्प्रिंटच्या खात्यात तिचे शून्य पॉइंट धरतात. हा नियम कडक वाटतो, पण तो सैल केला की आकड्याला अर्थच उरत नाही.

व्हेलॉसिटीचा उपयोग एवढाच: त्याच टीमने आपले पुढचे नियोजन करणे. दोन टीमची तुलना तिच्यावरून करता येत नाही, कारण एकीचे पाच पॉइंट दुसरीचे तेरा असू शकतात. तरीही व्यवस्थापन ‘पुढच्या तिमाहीत व्हेलॉसिटी वाढवा’ असे उद्दिष्ट देते, आणि मग प्लॅनिंग पोकरमध्ये (टीमने पत्ते दाखवून पॉइंट ठरवण्याच्या पद्धतीत) तीनची स्टोरी नकळत पाचची होते. आकडा चढतो, काम तेवढेच राहते. माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निकामी होते, हे गुडहार्टच्या नियमाचे सार इथे तंतोतंत लागू पडते. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधले असावेत आणि तसे असेल तर आता त्याचे वाईट वाटते, असे खुद्द रॉन जेफ्रीज यांनी लिहिले आहे. ते २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या १७ जणांपैकी एक. चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांत म्हटले आहे.

टीम खरोखर सुधारायची असेल तर काम कुठे अडून बसते ते पाहावे लागते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले सूत्र इथे कामी येते: हातात १२ स्टोरी असतील आणि आठवड्याला तीन पूर्ण होत असतील, तर एका स्टोरीला सरासरी चार आठवडे लागतात. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामे सहावर आणली, तर दोन आठवडे. म्हणून कामाची स्थिती दाखवणाऱ्या बोर्डावर ‘टेस्टिंग’च्या रकान्यात स्टोरींची कार्डे साचली की डेव्हलपरने नवी स्टोरी उघडू नये, टेस्टरच्या शेजारी बसून अडलेली निकाली काढावी. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीत, चर्चा व्हायला हवी ती या साचलेल्या कार्डांची. प्रत्यक्षात बराच वेळ त्या स्प्रिंटचे पॉइंट का घटले, याची कारणे देण्यातच जातो.