टीम रेडिओचे प्रक्षेपण

टीम रेडिओचे प्रक्षेपण : फॉर्म्युला वन शर्यतीत चालक आणि त्याचा रेस इंजिनिअर यांच्यात रेडिओवरून चालणारे बोलणे टीव्हीच्या प्रेक्षकांना ऐकवण्याची पद्धत. गाडी डोळ्यांसमोर पळत असते, म्हणून कानावर पडणारे वाक्यही त्याच क्षणाचे वाटते. तसे ते क्वचितच असते. ‘बॉक्स, बॉक्स’, म्हणजे पिटमध्ये ये, हा हुकूम घरी ऐकू येतो तेव्हा कधीकधी गाडी नवे टायर घालून पुन्हा ट्रॅकवर आलेली असते.

उशीर का होतो, हे आवाजाचा प्रवास पाहिला की कळते. 2025 पर्यंत वीस गाड्या धावत आणि वीसही चालक इंजिनिअरशी बोलत. हे सगळे संवाद व्यापारी हक्कधारक कंपनी फॉर्म्युला वन मॅनेजमेंटच्या (एफओएम) प्रक्षेपण विभागाकडे येतात. या विभागाचे मोठे केंद्र लंडनच्या आग्नेयेला बिगिन हिल येथे आहे. तिथली माणसे ते ऐकतात, कामाचा तुकडा कापतात, शिवी असेल तर तिच्यावर बीप टाकतात, वाक्य लिहून संघाच्या रंगातल्या पट्टीवर चढवतात आणि समालोचन व चित्र यांच्यात जागा मिळेल तेव्हा सोडतात. यात काही सेकंद जातात, कधी मिनिटेही. संघांना मात्र प्रतिस्पर्ध्यांचा रेडिओ थेट ऐकता येतो आणि त्यासाठी माणसे बसवलेली असतात. म्हणून डावपेच ‘प्लॅन ए’, ‘प्लॅन बी’ अशा सांकेतिक नावांनी बोलले जातात. शर्यतीत सर्वांत उशिरा ऐकणारा म्हणजे प्रेक्षक.

हा आवाज प्रेक्षकांपर्यंत मोकळेपणाने पोचला तो एका देवघेवीतून. चालकाने गाडी ‘एकट्याने आणि मदतीविना’ चालवावी या नियमावर बोट ठेवून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) 2016च्या मोसमात रेडिओवरच्या सूचनांवर कडक बंधने घातली. त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये गिअरबॉक्स बिघडल्यावर निको रोझबर्गला संघाने तोड सांगितली आणि त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली. जुलैअखेर जर्मन ग्रां प्रीपासून ही बंधने जवळजवळ उठली. उरली ती फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची तयारीची फेरी, सुरू झाल्यापासून शर्यत सुरू होईपर्यंतची. बदल्यात संघांनी आपले सगळे बोलणे प्रक्षेपणासाठी सदैव खुले ठेवण्याचे मान्य केले.

खुले झाले म्हणजे सगळे ऐकवले जाते असे नाही. बीप ही या प्रक्षेपणातली सर्वांत ठळक कात्री; पण खरी कात्री निवडीची आहे आणि तिचा आवाज होत नाही. 23 मार्च 2025च्या चिनी ग्रां प्रीत सुरुवातीलाच फेरारीच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि शार्ल लक्लेरच्या गाडीचा पुढचा पंख तुटला. तरीही तो वेगात होता. पुढे असलेल्या त्याच्या संघसोबती लुईस हॅमिल्टनने आपणहून जागा बदलण्याची तयारी दाखवली. टीव्हीवर हा पहिला निरोप आलाच नाही. आली ती नंतरची बोलणी, ज्यात हॅमिल्टन टाळाटाळ करतोय असे वाटावे. फेरारीचे प्रमुख फ्रेड व्हासर चिडले आणि त्यांनी थेट एफओएमवर ठपका ठेवला. दिशाभूल करण्याचा हेतू नव्हता, असा खुलासा फॉर्म्युला वनने केला. तो खरा मानला तरी प्रश्न उरतोच : एक वाक्य गाळले की उदार माणूस हटवादी दिसू लागतो आणि यासाठी एकही बीप लागत नाही. (त्या दिवशी तांत्रिक तपासणीत फेरारीच्या दोन्ही गाड्या बाद ठरल्या, त्यामुळे जागांचा वाद निकालापुरता निरर्थक झाला.)

उलट बाजूने, ऐकवल्यामुळेही इतिहास घडला आहे. ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ हे 2010मध्ये हॉकेनहाइमला फेरारीच्या फेलिपे मासाला संघसोबती फर्नांडो अलोन्सोबद्दल सांगितलेले वाक्य जगाने ऐकले; संघादेशाची, म्हणजे साथीदाराला जागा सोडण्याच्या हुकमाची, बंदी मोडल्याबद्दल फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला आणि पुढच्या वर्षी ती बंदीच नियमांतून गेली. होंडाच्याच मालकीच्या सुझुका ट्रॅकवर 2015मध्ये अलोन्सोने आपल्या गाडीतल्या होंडाच्या इंजिनाला ‘जीपी2चे’, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या शर्यतींचे, इंजिन म्हटले. त्या वाक्यात बीप टाकण्यासारखे काहीच नव्हते; तरी कुठल्याही शिवीपेक्षा ते यजमानांना जास्त झोंबले असणार.

शिव्यांचा वाद तापला तो सप्टेंबर 2024मध्ये. मोटार शर्यत आणि रॅप संगीत यांत फरक असायला हवा, असे एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम म्हणाले आणि प्रक्षेपणातल्या शिव्या कमी करण्याचा आग्रह त्यांनी धरला. लगेच सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या तोंडून अपशब्द गेला. शिक्षा म्हणून त्याला समाजोपयोगी काम करावे लागले, ते त्याने डिसेंबरात रवांडात केले. नोव्हेंबरात चालकांच्या संघटनेने खुल्या पत्रात सुनावले की कुणाला उद्देशून केलेली शिवीगाळ वेगळी आणि सहज तोंडातून गेलेला शब्द वेगळा. अध्यक्षांनी स्वतःच्या भाषेकडेही पाहावे, असेही त्या पत्रात होते. जानेवारी 2025च्या नियमांत फॉर्म्युला वन चालकाला पहिल्याच गैरवर्तनासाठी 40,000 युरोंचा दंड आला. मे महिन्यात मूळ दंड निम्मा झाला आणि पत्रकार परिषदेसारखी नियंत्रित जागा व गाडीतली अनियंत्रित जागा असा भेद मान्य झाला. हा भेद शहाणपणाचा आहे. ताशी 300 किलोमीटरने जाताना तोंडातून निघालेला शब्द घराघरांत पोचवायचा की नाही, हे चालक ठरवत नाही. क्रिकेटमध्ये स्टंप माइकवरून यष्टिरक्षकाचे बोलणे ऐकवताना हाच प्रश्न येतो.

तरी रेडिओवर सगळे माफ असते असेही नाही. जून 2024मध्ये ऑस्ट्रियात युकी त्सुनोदाने रेडिओवर अपंगत्वावरून हिणवणारा शब्द वापरला; 40,000 युरो दंड झाला, पैकी निम्मा स्थगित. शब्दाचा अर्थ आपल्याला नीट ठाऊक नव्हता, असे सांगून त्याने माफी मागितली.

उशिराला नेहमी लबाडी समजू नये. अपघातात चालक सुखरूप असल्याचे कळेपर्यंत पुन्हा पुन्हा दृश्ये न दाखवण्याचा संकेत आहे. बहरीनला 2020मध्ये रोमां ग्रोजां आगीतून बाहेर आलेला दिसेपर्यंत धडकेची दृश्ये रोखून धरली होती.

अमेरिकेतल्या नॅसकार या मोटार शर्यतींत रीत वेगळी. तिथे प्रेक्षक ट्रॅकवर स्कॅनर, म्हणजे संघांचा रेडिओ पकडणारे यंत्र, भाड्याने घेऊन बसतात आणि आवडत्या चालकाचे बोलणे जसे आहे तसे, त्याच क्षणी ऐकतात. ऑक्टोबर 2004मध्ये टॅलाडेगा येथे डेल अर्नहार्ट ज्युनिअरला एका अपशब्दासाठी 10,000 डॉलर दंड झाला, 25 गुण कापले गेले आणि गुणतक्त्यातले पहिले स्थानही गेले. तो शब्द मात्र रेडिओवरचा नव्हता. जिंकल्यावर टीव्हीच्या माइकसमोर तोंडातून गेलेला होता.