चार आवाजांची हार्मनी

पाश्चात्त्य संगीतात कॉर्डचे (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) स्वर सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या वरून खाली चार आवाजांत वाटून लिहिण्याची पद्धत. प्रत्येक आवाजाला साधारण दीड सप्तकाचा पल्ला देतात. वरच्या तिघांतील लगतच्या दोन आवाजांत अष्टमाहून (एका सप्तकाहून) जास्त अंतर ठेवत नाहीत. टेनर व बास यांच्यात ते चालते. कॉर्डमध्ये स्वर तीन आणि आवाज चार, म्हणून एक स्वर दुहेरी येतो. तो शक्यतो मूळ स्वर (ज्यावर कॉर्ड उभी असते तो) असावा, लीडिंग टोन (शुद्ध निषाद) कधीही नसावा; दोन्ही निषाद षड्जावर गेले की समांतर अष्टम होतात, म्हणजे दोन आवाज सप्तकाचे अंतर कायम ठेवून एकाच दिशेने सरकतात, आणि ते निषिद्ध मानतात.

समांतर पंचम (सा-प इतके अंतर राखून सरकणारे आवाज) व अष्टम यांच्या निषेधाचा उगम वादग्रस्त आहे. नवव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘म्यूझिका एन्किरिआडिस’ या संगीतग्रंथात समांतर पंचमांचे गायन रीतसर वर्णिले आहे, निषेध साधारणपणे चौदाव्या शतकातील काउंटरपॉइंटच्या (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चालींच्या रचनेच्या) ग्रंथांत ठाम झालेला दिसतो. त्यांपैकी काही योहानेस द म्यूरिस या संगीतशास्त्रकाराच्या नावावर आहेत, पण कर्तृत्व संशयास्पद आहे. इटालियन संगीतशास्त्रकार झार्लीनोने (१५५८) वैविध्याचे कारण दिले: तीच अंतरे लागोपाठ आली की वैविध्य उरत नाही. पंचम व अष्टम इतके एकजीव होतात की आवाजांचे स्वातंत्र्य हरपते, हे नंतरचे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. वाद्यवृंदात एखादी चाल अखेरपर्यंत अष्टमात दुहेरी वाजली तर कोणी दोष मानत नाही. चार आवाजांचे मध्येच तीन झाले की मात्र खटकते.

हा दोष हमखास शिरतो तो लगतच्या कॉर्डमध्ये. म-ध-सा वरून प-नि-रे वर जाताना बास म→प असा चढतो. वरचे तिघे सोबत चढले, तर म→प मुळे समांतर अष्टम व सा→रे मुळे समांतर पंचम होतात. म्हणून त्यांना उतरवतात: सा→नि, ध→प, म→रे. प-नि-रे वरून ध-सा-ग वर जाताना मात्र नि→सा चढतो, रे→सा व प→ग उतरतात आणि सा, म्हणजे नव्या कॉर्डचा ध पासून मोजता तिसरा स्वर, दुहेरी येतो.

सेव्हन्थ कॉर्डमधील (मूळ स्वरापासूनचा सातवा स्वर जोडलेल्या कॉर्डमधील) सातवा स्वर एक पायरी खाली उतरतो. निषाद षड्जावर चढतो. तथापि संगीतकार बाखच्या कोरालांत (चार आवाजांतील स्तोत्रगीतांत), समाप्तीच्या वेळी आतल्या आवाजातील निषाद पंचम स्वरावर (प) उतरलेला वारंवार आढळतो. त्यामुळे शेवटची कॉर्ड पंचमासह पूर्ण होते. सोप्रानोत ही सवलत घेत नाहीत, कारण तेथे निषादाचा अपेक्षाभंग लगेच कानावर येतो.