कडक स्प्रिंगने पिकअप वाढतो का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय किंवा गल्लीतल्या गॅरेजात काय, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: स्कूटरला कडक क्लच स्प्रिंग टाका, पिकअप वाढेल. हे खरं नाही.

क्लच शू, म्हणजे क्लचमधले घर्षणाचे तुकडे, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जातात आणि बेलला, म्हणजे भोवतीच्या वाटीसारख्या ड्रमला, धरतात. स्प्रिंग त्यांना आत ओढते. ती कडक केली की क्लच जास्त आरपीएमला, म्हणजे इंजिन जास्त वेगाने फिरू लागल्यावर, धरतो, एवढंच. सुटताना क्षणभर जोर जाणवतो, पण क्लच पूर्ण धरल्यावर फरक शून्य. सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच सरकवताना मात्र शू अर्धवट धरून घासत राहतात. बेल खोलून पाहा: आतला भाग तापून निळसर झालेला, शू काचेसारखे चकचकीत. मग थरथर, जळका वास, आणि तक्रार काय, तर स्प्रिंग-रोलरचं किट डुप्लिकेट निघालं!

रोलर म्हणजे पुढच्या पुलीतली छोटी वजनं; वेगाप्रमाणे बेल्ट सरकवून ती गिअरचं काम करतात. हलक्या रोलरने इंजिन वरच्या आरपीएमला फिरतं, चढावर बरं वाटतं; टॉप स्पीड त्याने वाढत नाही, पेट्रोल जास्त जातं. एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या जाड चाकांच्या छोट्या गाडीचं, किट तर टायरचा आकार आणि समुद्रसपाटीपासूनची उंची बघून निवडतात, कारण उंचावर हवा विरळ आणि इंजिनाची ताकद कमी. तिथलं किट मुंबईत बसवलं तर इंजिन नुसतं ओरडतं.

किटवर पैसे घालण्याआधी कृपा करून जुना बेल्ट मोजा. रुंदी मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेली असेल, किंवा रोलर एका बाजूने चपटे झाले असतील, तर आधी तेच बदला.