रुपया ‘मोठा’ म्हणून देश स्वस्त? अजिबात नाही

व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं एक यादी फिरतेय: ‘या देशांत आपला रुपया राजा! व्हिएतनाममध्ये एका रुपयाचे ३०० डाँग!’ आकडा साधारण बरोबर, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. रुपयाला किती डाँग मिळतात यावर स्वस्ताई ठरत नाही, तेवढ्या डाँगांत काय येतं यावर ठरते. हनोईत रस्त्याकडेला फो या नूडल्सच्या सूपचा वाडगा साधारण ५०,००० डाँगांना मिळतो, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपये. आपल्याकडच्या साध्या थाळीएवढेच झाले की! कोरियाचे तर रुपयाला दहाहून जास्त वॉन येतात, तरी सोलमध्ये खिसा रिकामा होतो. उलट थायलंडचा एक बात घ्यायला दोन रुपयांहून जास्त मोजावे लागतात, आणि तरीही बेताच्या पैशांत फिरणाऱ्यांना थायलंड परवडतं.

म्हणून देश निवडताना खोलीचं भाडं, एका वेळचं जेवण, बसचं तिकीट यांचे रुपये काढून बघा. व्हिएतनामला निघालाच असाल तर नोटांवरची शून्यं नीट मोजा. २०,००० आणि ५,००,००० डाँगांच्या दोन्ही नोटा निळसर असतात, घाईत हमखास गफलत होते.