परिसेविका

रुग्णालयातील एका कक्षाची परिचर्या आणि तेथे काम करणाऱ्या परिचारिका यांची जबाबदारी सांभाळणारी अनुभवी परिचारिका. मराठी प्रशासकीय परिभाषेत अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्स) वरची व अधिसेविकेच्या (मेट्रन) खालची ही पायरी होय. बोलण्यात ‘इन्चार्ज सिस्टर’ हा शब्द रूढ आहे. पाळ्या लावणे, रुग्ण वाटून देणे, पाळी बदलताना माहिती नीट सोपवली जाते की नाही ते पाहणे, औषधसाठा व नोंदवह्या तपासणे, डॉक्टरांच्या फेरीत बरोबर असणे ही तिची नित्याची कामे सर्वपरिचित आहेत.

संज्ञेचा उगम : ‘सिस्टर’ हे संबोधन ख्रिस्ती धर्मसंघातील जोगिणींकडून आले, याविषयी दुमत नाही. ते धर्मनिरपेक्ष रुग्णालयात कोणत्या वाटेने आले, यावर मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचा आधुनिक प्रसार जर्मनीतील कैसरव्हर्ट येथे १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर यांनी सुरू केलेल्या प्रॉटेस्टंट सेविकासंस्थेमुळे झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये तेथे काही काळ शिक्षण घेतले होते. दुसऱ्या मतानुसार लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात (स्थापना ११२३) हा शब्द अखंड टिकून होता. आठव्या हेन्रीच्या काळात मठ विसर्जित झाले, सोळाव्या शतकाच्या मध्यास रुग्णालयाची पुनर्रचना झाली, जोगिणी गेल्या. पण कक्ष सांभाळणाऱ्या स्त्रियांना ‘सिस्टर’ म्हणणे चालूच राहिले. इंग्लंडपुरते हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तेथे हा शब्द सर्व परिचारिकांसाठी नसून कक्षप्रमुखेसाठी होता. कैसरव्हर्टच्या परंपरेत तो दीक्षा घेतलेल्या प्रत्येक सेविकेला लागू होई. जर्मन भाषेत याच अर्थाचा शब्द अधिकृत पदनामात दीर्घकाळ होता. २००४ पासून अमलात आलेल्या कायद्याने तो वगळला.

‘चार्ज नर्स’ या संज्ञेचा अर्थ देशागणिक बदलतो आणि त्यामुळे तुलनात्मक लेखनात बराच घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये सिस्टरच्या दर्जाच्या पुरुषाला हे नाव मिळाले. ते कायमचे पद आहे. अमेरिकेत ती बहुधा एका पाळीपुरती जबाबदारी असते आणि कक्षाचे चोवीस तासांचे उत्तरदायित्व ‘नर्स मॅनेजर’कडे असते. मराठीतील परिसेविका पहिल्या प्रकाराला जवळची आहे. तिच्या सुटीच्या दिवशी ज्येष्ठ अधिपरिचारिका तात्पुरता कार्यभार घेते, तेव्हा ती दुसऱ्या प्रकारात मोडते.

गुणांची प्राचीन मीमांसा : चरकसंहितेत (काल अनिश्चित, सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान) वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. परिचारकाचे गुणही चार : उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता. मूळ श्लोकात हा अनुराग ‘भर्तरि’, म्हणजे पोशिंद्याविषयी, सांगितला आहे. त्यामुळे तो धन्याविषयीची निष्ठा की रुग्णाविषयीची माया, असा प्रश्न पडतो. परिचारक हा रुग्णाच्याच घरचा सेवक असल्यास दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि हा अर्थ प्रकरणाच्या संदर्भाशी जुळतो. सुश्रुतसंहितेत संदिग्धता उरत नाही. तेथे परिचारक स्निग्ध, किळस न करणारा, बलवान, रुग्णाच्या रक्षणात गुंतलेला, वैद्याचे ऐकणारा व न थकणारा असावा असे म्हटले आहे. ‘अजुगुप्सु’ हा त्यातला शब्द विशेष मोलाचा आहे. चिघळलेली जखम किंवा भरलेली चादर यांसमोर ज्याच्या चेहऱ्यावर आठी उमटत नाही तो, हे करुणेचे अत्यंत नेमके लक्षण आहे. इतर परिचारकांना सांभाळून घेण्याचा गुण मात्र या दोन्ही यादींत नाही.

नेतृत्व : ही उणीव नाइटिंगेल यांनी भरून काढली. १८५९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या परिचर्येवरील टिपणांत त्यांनी कार्यभाराचा अर्थ स्पष्ट केला. आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही व्हावे अशी व्यवस्था लावणे, हे त्या अर्थाचे सार. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी प्रत्यक्ष काम कक्षातील सिस्टरच्या हाताखालीच शिकत.

परिसेविकेची करुणा त्यामुळे बरीचशी दुसऱ्यांच्या हातून रुग्णापर्यंत पोचते. मरणाच्या दारातील रुग्णाजवळ त्याच्या ओळखीची परिचारिका राहील अशी पाळी लावणे, नवख्या मुलीवर एकदम तीन गंभीर रुग्ण न टाकणे, औषधाची चूक आपण होऊन सांगायला आलेल्या परिचारिकेचे आधी ऐकून घेणे, मृत्यूनंतरची कामे आटोपलेल्या सहकारिणीला दहा मिनिटे एकटे बसू देणे, भेटीची वेळ संपली तरी एखाद्या मुलाला आईपाशी थांबू देणे : हे निर्णय रुग्णाच्या कागदांत कोठेही नोंदले जात नाहीत. त्यांचे परिणाम मात्र कक्षभर दिसतात. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर परिचारिकेमागे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. मनुष्यबळ वाढवणे परिसेविकेच्या हाती नसते. असलेले मनुष्यबळ कोणापाशी ठेवायचे, एवढे तिच्या हाती असते.

इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशर रुग्णालयात रुग्णांच्या झालेल्या हेळसांडीची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिच्या २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी होत्या. कक्षप्रमुख परिचारिकेने कचेरीत अडकू नये, तिला रुग्णवाटपात नेहमीची परिचारिका म्हणून मोजू नये आणि देखरेखीसाठी मोकळी ठेवावी, ही त्यांपैकी एक. प्रस्तुत विषयात तिचे महत्त्व सर्वाधिक आहे.

सन्मान : परिचर्येसाठीच्या सन्मानांची परंपरा युद्धसेवेतून आली. राणी व्हिक्टोरियाने १८८३ मध्ये ‘रॉयल रेड क्रॉस’ हे पदक सुरू केले. नाइटिंगेल त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी होत्या. पुरुषांना ते १९७६ पासून मिळू लागले. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक १९१२ मध्ये स्थापन झाले आणि पहिल्या महायुद्धामुळे १९२० मध्ये प्रथम दिले गेले. सध्या ते दर दोन वर्षांनी जास्तीत जास्त ५० जणांना दिले जाते. भारत सरकारचे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहेत. या सर्वांत शौर्य किंवा दीर्घ सेवा पाहिली जाते. रोजच्या कक्षकामाला त्यांत कमी वाव आहे.

ही दिशा अमेरिकेतील ‘डेझी’ पुरस्काराने बदलली. १९९९ मध्ये एका तरुण रुग्णाच्या मृत्यूनंतर, त्याच्या परिचारिकांनी दाखवलेल्या मायेबद्दल कृतज्ञता म्हणून त्याच्या कुटुंबाने हा पुरस्कार देणारी संस्था काढली. रुग्ण, नातेवाईक किंवा सहकारी यांनी लिहिलेली प्रत्यक्ष घडलेली हकिकत हा येथे निवडीचा आधार असतो. मानकऱ्याला झिंबाब्वेतील कारागिरांनी घडवलेले दगडी शिल्प देतात.

मात्र अशा पद्धतीत परिसेविका सहज निसटते. रुग्णाच्या लक्षात राहतो उशाशी बसलेला चेहरा; त्या परिचारिकेला तेथे बसण्याइतकी उसंत कोणी मिळवून दिली, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. याच संस्थेने परिचर्या-नेतृत्वासाठी वेगळा पुरस्कार ठेवला आहे, ही त्यामुळे योग्य सुधारणा म्हणावी लागेल. वैयक्तिक गौरवापेक्षा संपूर्ण कक्षाचा गौरव करावा, असेही एक मत आहे. परंतु कक्षाचा स्वभाव बहुतांशी परिसेविकेवरून ठरतो, हे लक्षात घेता दोन्ही प्रकार असणे इष्ट. तिच्यासाठीची शिफारस रुग्णाच्या पत्राबरोबरच कनिष्ठ परिचारिका, कक्षसेवक व सफाई कर्मचारी यांच्याकडूनही घ्यावी, कारण रात्रपाळीत तिने काय केले ते त्यांनीच पाहिलेले असते. शिफारसपत्रात ‘अत्यंत प्रेमळ व कर्तव्यदक्ष’ अशी विशेषणे निरुपयोगी ठरतात. कोणत्या रात्री, कोणत्या रुग्णासाठी, कोणता नियम थोडा सैल करून तिने काय केले आणि दुसऱ्या दिवशी त्याची जबाबदारी कशी स्वतःवर घेतली, एवढे लिहिलेले पुरते.