२४०झेड आणि २८०झेड: सारख्या दिसणाऱ्या दोन डॅटसन, हाताला लागणारं काम मात्र वेगळं

जुनी डॅटसन झेड (निसानने डॅटसन या नावाने विकलेली स्पोर्ट्स कार) घ्यायची, ती नव्याने उभी करायची आणि मग तिच्यातून लांबचा प्रवास करायचा, असं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा २४०झेड शोधायला निघतो आणि शोधता शोधता त्याच्यासमोर २८०झेड येते. लांब बॉनेट तेच, मागे उतरत गेलेलं छप्पर तेच, आत दोनच सीटं. अमेरिकेत विकलेल्या दोन्हींचे चॅसिस नंबरही ‘एचएलएस३०’नेच सुरू होतात, मधल्या २६०झेडचे मात्र ‘आरएलएस३०’ने. त्यामुळे फोटो आणि नंबर बघून फसणारे पुष्कळ. पुढचे आकडे दोन लाखांच्या वर असतील तर गाडी २८०झेड, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोटाळा मिटतो.

निसानने ही गाडी १९६९च्या शरद ऋतूत जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ म्हणून आणली. तिचं रूप योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने घडवलं. अमेरिकेत अशी गाडी खपेल हा आग्रह युताका कातायामा यांचा होता, तिथल्या निसानचा कारभार तेव्हा तेच बघत. जपानमध्ये बहुतेक झेड दोन लिटर इंजिनाच्या होत्या. अमेरिकेसाठी २,३९३ सीसीचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं एल२४ इंजिन बसवलं आणि किंमत ठेवली ३,५२६ डॉलर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली स्पोर्ट्स कार त्या पैशात मिळणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९७१ आणि १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली २४०झेडनेच मारली. १९७३चा विजेता शेखर मेहता, भारतीय वंशाचा. पूर्व आफ्रिकेच्या चिखल-धुळीतून आलेली ही कीर्ती आहे आणि माझ्या मते या गाडीची खरी ओळख तीच.

पुढे अमेरिकेत धुराचे आणि सुरक्षेचे नियम कडक झाले. १९७३च्या २४०झेडवर नवे सपाट माथ्याचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे) आले. गरम झाल्यावर ते इतका त्रास देत, की मालकांनी ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसवले. १९७४ साली २६०झेड आली. १९७५पासून १९७८पर्यंत उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी २८०झेड निघाली: २,७५३ सीसीचं एल२८ इंजिन आणि कार्ब्युरेटरच्या जागी बॉशच्या ‘एल-जेट्रॉनिक’ पद्धतीचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन.

बाहेरून ओळखायचं तर बंपर बघा. २४०झेडचे बंपर म्हणजे अंगाला चिकटलेली क्रोमची बारीक पट्टी. ताशी ५ मैलांची धडक सोसण्याच्या नियमामुळे २८०झेडचे बंपर जाड आणि बाहेर आलेले. २४०झेडचे पुढचे इंडिकेटर बंपरखाली असतात, २८०झेडचे बंपरच्या वर. मागे रिव्हर्सचा दिवा २४०झेडमध्ये टेललाइटच्या आतच असतो, २८०झेडमध्ये तो नंबर प्लेटच्या बाजूला सरकलेला. १९७७पासून बॉनेटवर हवेच्या दोन जाळ्याही आल्या. पण बंपर बदलता येतात आणि २८०झेडला बारीक क्रोम बंपर लावायची हौस जुनी आहे. तेव्हा शेवटी बॉनेट उघडावंच लागतं. इंजिन एकाच घराण्यातली असल्याने एल२८ हे २४०झेडमध्ये सहज बसतं. म्हणून इंजिनच्या खणातल्या पट्टीवरचा नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर जुळतो का, हे बघितल्याशिवाय ‘ओरिजिनल’ या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नये.

गंज दोघींना सारखाच लागतो, आणि तोही ठरलेल्या जागी. बॅटरी उचला आणि तिच्या ट्रेखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. वर्षानुवर्षं ओघळलेल्या ॲसिडने ट्रे खाल्लेला असतो, आणि त्याच्या खालून चॅसिसची पुढची रेल जाते. टोक आत घुसलं तर काम नुसत्या पत्र्याचं राहत नाही, सांगाड्याचं होतं. मग पायाखालचा तळ, दारामागचा खालचा कोपरा, मागच्या चाकांच्या कमानी, हॅचच्या खालची पट्टी. वायपरखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट तुंबलेली असते तीही मोकळी करा. रीस्टोरेशनचा बराचसा पैसा इथे जातो. इंजिन त्या मानाने दणकट आणि सरळ. सीटं, डॅशबोर्ड, रंग यांचं काम दोन्ही गाड्यांत जवळपास एकसारखं, त्यावर वेगळं बोलण्यासारखं काही नाही.

खरा फरक पेट्रोल इंजिनात कसं जातं इथे आहे.

२४०झेडवर एसयू पद्धतीचे दोन हिताची कार्ब्युरेटर, प्रत्येक तीन सिलिंडरांसाठी. आत एक पिस्टन इंजिनाच्या ओढीने वर उचलला जातो, त्याच्याबरोबर निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल सुटणाऱ्या बारीक भोकातून, वर येते आणि तेवढं पेट्रोल सुटतं. पिस्टनची उसळी आवरायला वरच्या नळीत थोडं ऑइल असतं. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. रबराची नळी घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडे हवेचा सूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मिश्रणासाठी जेटखालचा नट. हे शिकताना जो आनंद मिळतो त्याला तोड नाही. एक अट: थ्रॉटलचा दांडा आणि त्याची भोकं झिजलेली नकोत. तिथून हवा शिरत असेल तर ट्यूनिंग कितीही केलं तरी टिकत नाही.

२८०झेडमध्ये हवा एका झडपेला ढकलत आत जाते. झडप किती उघडली यावरून कंट्रोल युनिटला हवेचं प्रमाण कळतं, कूलंटच्या सेन्सरवरून इंजिन थंड आहे की गरम हे कळतं, आणि इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरतं. पन्नास वर्षांनी यातलं बिघडतं काय? युनिट क्वचित. बिघडतात जोडण्या. हा कूलंट सेन्सर २० अंशांना साधारण २,५०० ओहम दाखवतो, ८० अंशांना ३०० च्या आसपास. त्याच्या प्लगमध्ये हिरवट गंज धरला की मधला रोध वाढतो, युनिटला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि ते पेट्रोल ओतत राहतं. काळा धूर, पडलेला ॲव्हरेज, काळे स्पार्क प्लग. मालक नवं युनिट शोधत फिरतो आणि दोष वायर जोडणाऱ्या एका क्लिपमध्ये असतो. म्हणून साधा मल्टीमीटर घेऊन कंट्रोल युनिटच्या प्लगवरच मोजा, म्हणजे सेन्सरबरोबर वायरही तपासली जाते. इंजिनवरच्या सगळ्या क्लिपा एकदा नव्या टाकल्या की बहुतेक २८०झेड शहाण्यासारख्या चालतात.

म्हणूनच इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. ‘सोपं होईल’ म्हणून तो दिला जातो, आणि दिवसभराचं वायरिंगचं काम टाळण्यासाठी गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट फेकली जाते. कॅलिफोर्नियात तर ते महागात पडतं. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना तिथे धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९७६पासूनच्या गाड्यांना नाही. म्हणजे १९७५ची २८०झेड सुटते आणि १९७६ची तपासणीला उभी राहते, तीही मूळ यंत्रणेसकट.

लांबच्या रस्त्यावर हा फरक आणखी जाणवतो. एल इंजिनात हवा आत घेणारा आणि जळका धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड (नळ्यांचा जोड) एकाच बाजूला, एकावर एक. कार्ब्युरेटर सरळ धगीवर बसलेले. २४०झेडचा यांत्रिक पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो आणि पुढे दाब फार कमी असतो. उन्हात चढ चढून गाडी बंद करा, दहा मिनिटांनी चालू करायला जा: पेट्रोल नळीतच उकळलेलं, आणि स्टार्टर नुसता फिरतोय. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे वाढलं आहे. २८०झेडमध्ये टाकीजवळचा इलेक्ट्रिक पंप साधारण अडीच बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो आणि उरलेलं टाकीत परत जातं. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. गरम इंजिन पुन्हा चालू करताना तीही मिनिटभर कुरकुर करते, पण निघते. उंच घाटात हवा विरळ झाल्यावर ती मिश्रणही बरंचसं सांभाळून घेते.

गिअरचंही तसंच. अमेरिकेतल्या २४०झेडला चार गिअर, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या जवळ फिरतं. १९७७पासून २८०झेडला मागणीप्रमाणे मिळणाऱ्या पाचव्या गिअरमध्ये ते २,७०० च्या आसपास येतं. तीनशे फेऱ्या कमी वाटतात, दिवसभर कानांवर पडत राहिल्या की नाही वाटत. याची किंमत वजनात मोजावी लागते: २४०झेड साधारण १,०५० किलो, २८०झेड १,३०० च्या घरात. वळणावळणाच्या रस्त्यावर २४०झेड जशी पटकन नाक वळवते तशी २८०झेड वळवत नाही, आणि हे कोणत्याही सस्पेन्शनने पूर्ण भरून निघत नाही. शक्तीचे आकडे समोरासमोर ठेवू नका. २४०झेडचे १५१ अश्वशक्ती हे जुन्या ढोबळ पद्धतीने, उपकरणं न जोडता मोजलेले, १९७५च्या २८०झेडचे १४९ सगळी उपकरणं जोडून.

बाजाराला यातलं काही दिसत नाही. जानेवारी २०२०मध्ये १९७१ची एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. ती गाडी अपवाद होती, पण सगळ्या २४०झेडच्या किमती तिच्यामागून वर चढल्या आणि २८०झेड आजही त्यांच्या खालीच आहे. ज्याला गाडी झाकून ठेवायची नाही, राज्यं ओलांडत चालवायची आहे, त्याने याचा फायदा घ्यावा. गंज नसलेली, इंजेक्शन शाबूत असलेली, पाच गिअरची २८०झेड मी डोळे झाकून सुचवेन. सकाळी डोंगरात जाऊन दुपारी घरी यायचं असेल तर २४०झेडसारखी दुसरी नाही.

निघण्याआधी दोन्हींमधल्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, आणि २८०झेडला इंजेक्शनच्या दाबाला टिकणाऱ्याच नळ्या व क्लॅम्प लावा. साध्या नळीला हा दाब सोसत नाही आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. २४०झेडच्या डिकीत इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या नळीत घालायचं डॅम्परचं ऑइल असू द्या. २८०झेडच्या डिकीत एक कूलंट सेन्सर, चार क्लिपा आणि मल्टीमीटर पुरे.