काळी सायकल, सोनेरी रेघ

जुनी फ्रेम हाती लागली की पहिला आठवडा गंज काढण्यात जातो आणि पुढचे दोन महिने रंग ठरवण्यात. घरातला प्रत्येकजण मत देतो, शेड कार्ड चुरगळून जातं. ती फ्रेम ज्या काळातली असते, त्या काळी मात्र हा घोळ फारसा नव्हता. सायकल म्हणजे काळी. हे असं का, ते कळायला इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन-बर्मिंगहॅम पट्ट्यात डोकावावं लागतं.

या भागात सायकलीच्या कितीतरी आधीपासून ‘जपानिंग’चा धंदा चालत होता. जपानी लाखकामाची नक्कल म्हणून पत्र्याचे ट्रे आणि डबे चकचकीत काळे करून विकायचे. डांबराच्या जातीचं खनिज, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा हात द्यायचा, भट्टीत भाजायचं, घासायचं, की पुन्हा दुसरा हात. जॉन मार्स्टन हे वुल्व्हरहॅम्प्टनचे असेच एक जपानिंगवाले. १८८७ मध्ये त्यांनी सायकली काढल्या, नाव ठेवलं सनबीम. ट्रे रंगवण्याची विद्या घरचीच होती. सनबीमच्या काळ्या झिलईचं नाव झालं ते त्यामुळेच. काळा निवडण्यात आवडीनिवडीचा भाग थोडाच होता. मूळ मालच काळा. शिवाय तेलाचा फिका रंग भट्टीत पिवळा पडायचा, काळ्याला तो धोका नव्हता. आणि भाजून कडक झालेला हा थर पावसाळी हवेत टिकायचा. गंजाचा प्रश्न तरीही पुरता सुटला नव्हता. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्याच थॉमस कॉस्लेट यांनी लोखंडाला फॉस्फरिक आम्लाची प्रक्रिया करण्याचं पेटंट घेतलं. आजही चांगला पेंटर प्रायमरच्या आधी फॉस्फेटचा हात देतो, त्याचं मूळ इथे आहे.

नुसता काळा उदास दिसतो, म्हणून सोनेरी रेघ. ती घोडागाड्या रंगवणाऱ्यांकडून आली. ब्रशचे केस बोटभर लांब असतात; करंगळी नळीवर टेकवायची, ब्रश जवळजवळ आडवा धरायचा आणि मध्ये न थांबता ओढत न्यायचा. थांबलात की तिथे थेंब. हाताने ओढलेली रेघ कुठेतरी केसभर जाड-बारीक होतेच. स्टिकरची रेघ कधीच होत नाही, आणि जाणकार माणूस ती चार पावलांवरून ओळखतो.

इटलीत रंगाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मिलानमध्ये १८८५ साली सुरू झालेल्या बियांकी या सायकल कंपनीचा ‘सेलेस्ते’, म्हणजे आभाळी. तो निळा की हिरवा यावर वाद घालायला इटालियन लोकांना फार आवडतं. कुणी म्हणतं हे मिलानचं आभाळ, कुणी म्हणतं राणी मार्गेरिताच्या डोळ्यांचा रंग, तर कुणी सांगतं की लष्कराचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला. तिन्ही कथा आजवर चालू आहेत. मला तिसरी सगळ्यात पटण्यासारखी वाटते, कारण कारखानदार असाच विचार करतो. महत्त्वाचं म्हणजे सेलेस्तेची छटा दर काही वर्षांनी बदलत गेली, कधी हिरवट, कधी निळसर. इटालियन शर्यतपटू फाउस्तो कोप्पीने १९४९ आणि १९५२ ची टूर द फ्रान्स बियांकीवर जिंकली. त्या काळची फ्रेम असेल आणि आजच्या डब्यातला सेलेस्ते मारला, तर नाव बरोबर आणि रंग चूक. शर्यतीत लांबून ओळख पटावी हा रंगाचा खरा उपयोग होता. लेन्यानो या इटालियन सायकलींचा हिरव्या सरड्यासारखा चमकता पोपटी हिरवा त्यातलाच, आणि पुढे बेल्जियन शर्यतपटू एडी मर्क्सच्या मोल्तेनी संघाचा नारिंगीही. मोल्तेनी ही मांसाचे पदार्थ बनवणारी कंपनी, हे किती जणांना माहीत असतं?

मधल्या काळात रसायन बदललं होतं. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँने ‘ड्यूको’ बाजारात आणलं, भराभर वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्यात हवा तो रंग मिळू लागला. आपल्याकडे गॅरेजवाले आणि फर्निचरवाले अजून ‘ड्यूको मारून देतो’ म्हणतात, ते याच डब्याचं नाव. युद्धानंतर ब्रिटनमधल्या हलक्या फ्रेम बनवणाऱ्यांनी रुपेरी अस्तरावर पारदर्शक रंगीत इनॅमल द्यायला सुरुवात केली. उन्हात हा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. पण फिकाही लवकर पडतो, आणि ओरखडा बुजवला तर डाग उठून दिसतो.

भारतात हे सगळं फार थोडं पोचलं. वरळीची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय सायकल्स, सोनिपतची अ‍ॅटलस; साच्यात ब्रिटिश रोडस्टरच, म्हणजे रोजच्या वापराची दणकट सायकल, रंग काळा नाहीतर बाटलीसारखा हिरवा. हिंद आणि सेन-रॅलेचं १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, तोवर हीच पठडी. मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा असतो ना, तोसुद्धा शोभेचा नाही. अंधारात मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये आलेल्या नियमाची ती खूण. हौसेने रंगवलेल्या कितीतरी सायकलींवर नेमका हाच पट्टा गायब असतो.

आता बहुतेकजण पावडर कोटिंग करतात. पुन्हा भट्टीच, साधारण १८० ते २०० अंशांची. मजबूत असतं, पण थर जाड. माझी एक फ्रेम परत आली तेव्हा लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या) कडा आणि खाली ठोकलेला नंबर दोन्ही पावडरीत बुडाले होते. मॅट काळा तर मला जुन्या सायकलीवर बघवत नाही. भट्टीच्या काळ्याचं सगळं वैभव त्याच्या चकाकीत होतं.

फ्रेम घासायला देण्याआधी एक करा. हँडलखालचा पितळी बिल्ला हळूच सोडवा. ऊन-पाऊस न लागलेला रुपयाएवढा मूळ रंग बहुधा तिथे शाबूत असतो. शेड कार्ड त्याच्या शेजारी धरून बघा.